कुदरतचा आठ इंची आरसा

कुदरत पिरूजी माझ्या पहिल्यांदा लक्षात आला तो शाळेच्या फाटकापाशी, पाण्याच्या मीटरवर ओणवा झालेला असताना. इराणमधल्या दामगानच्या मुलींच्या शाळेत मी तेव्हा पाचवीला शिकवत होते. मीटर वाचणारा माणूस महिन्यातून एकदा येतो, खड्ड्याचं झाकण उचलतो, आकडा लिहितो आणि जातो. त्याच्याकडे कोणी बघत नाही. हा मात्र आकडा लिहून झाल्यावरही गेला नाही. टोपी हातात धरून वर्गाच्या दारात उभा राहिला.

"बाई, तो आफ्रिकेचा नकाशा पार फाटलाय."

"माहीत आहे. पाच वर्षं झाली फाटून."

"नाही, म्हणजे... तो कधी टाकून दिलात, तर त्याच्या आतली पुठ्ठ्याची नळी मला द्याल का? लांबीला अगदी बरोबर आहे. मी मागच्या महिन्यातच मोजून गेलो."

मुली खिदळल्या. मी विचारलं, कशाला हवी. तो म्हणाला, "दुर्बिणीला." आणि मग, मी काहीच विचारलं नसताना, आज संध्याकाळी सहा वाजून बावन्न मिनिटांनी अंतराळस्थानक पिस्त्याच्या बागांच्या बाजूने येऊन डोंगरावर मावळेल, चार मिनिटं दिसेल, असंही सांगितलं. त्या संध्याकाळी वाळत घातलेले कपडे काढायला मी गच्चीवर गेले. सहा बावन्नला एक ठिपका खरोखरच आला आणि आवाज न करता निघून गेला. दुसऱ्या दिवशी मी आफ्रिका गुंडाळून ठेवली आणि नळी त्याला दिली.

पुढे तो आमच्याच गल्लीत राहायला आला. त्याची बायको माहरुख माझी जुनी विद्यार्थिनी निघाली. माहरुख म्हणजे चंद्रमुखी. कुदरत सांगायचा की नाव ऐकूनच त्याने होकार दिला होता. त्यावर माहरुख म्हणायची, "हो, आणि लग्न झाल्यापासून रोज दुसऱ्याच चंद्राकडे बघत बसलाय." मुलीचं नाव त्याने परवीन ठेवलं. आमच्याकडे कृत्तिकांना परवीन म्हणतात. मुलगा झाला असता तर काय नाव ठेवलं असतं याची यादीही त्याच्याकडे होती. ती बघून माहरुखने एका मुलीवरच थांबायचं ठरवलं, असं ती माझ्यापाशी एकदा म्हणाली.

दिवसभर मान खाली घालून मीटर वाचायचे आणि संध्याकाळी मान वर करायची, असा त्याचा दिनक्रम होता. त्याच्या खिशात दोन वह्या असत. एक कचेरीची, एक स्वतःची. स्वतःच्या वहीत उपग्रहांच्या वेळा, शनीच्या कड्यांचा कल, कुठल्या दिवशी किती धूळ होती, सगळं बारीक अक्षरात. वर्तमानपत्रातली कात्रणं तो बुटांच्या खोक्यांत ठेवी, आणि खोक्यांवर ग्रहांची नावं. शनीचं खोकं उघडलं तर कधीकधी त्यात बूटच निघायचे. गुरुवारी संध्याकाळी तो गल्लीतल्या दारोदार जाऊन सांगायचा, "गच्चीवर या, शनी दाखवतो." लोक म्हणायचे, "आगा कुदरत, पाय धुवून आलोच!" आणि येत नसत. सहा वर्षांत त्याच्या गच्चीवर शनी बघायला मी आणि गल्लीतला न्हावी, असे दोघेच गेलो. न्हाव्याने दुर्बिणीतून पाहिलं आणि विचारलं, "ह्याच्यावर चिकटवलंय का काही?"

त्यानंतर त्याने आरसा घासायला घेतला. आठ इंची जाड काच. मागच्या खोलीत पाण्याने भरलेलं पिंप, पिंपावर एक काच पक्की बसवलेली, तिच्यावर दुसरी. मध्ये कुरुंदाची भुकटी, आधी भरड, मग नंबरानंबराने बारीक, आणि पाणी. वरची काच पुढेमागे ढकलायची, दर थोड्या वेळाने पिंपाभोवती एक पाऊल सरकायचं, आणि हे करत राहायचं. चार वर्षं तो पिंपाभोवती फिरत होता. माहरुख त्या पिंपाला सवत म्हणायची. "बाई, माझ्याभोवती हा लग्नात सुद्धा एवढा फिरला नाही."

हे सगळं कशासाठी, तर शाहरुदच्या हौशी मंडळींचा एक गट होता. ते दरवर्षी वसंतातल्या अमावास्येला तोरूदच्या वाळवंटात जात आणि एका रात्रीत आकाशातल्या एकशे दहा अंधूक गोष्टी शोधत. तारकागुच्छ, तेजोमेघ, दीर्घिका. ज्याला जास्त सापडतील तो पहिला. अट एकच होती, दुर्बीण स्वतःची आणि पुरेशी मोठी हवी. नकाशाच्या नळीतल्या दुर्बिणीला त्यांनी नम्रपणे नकार दिला होता. म्हणून हा आरसा. त्या वर्षी अमावास्या नवरोजच्या, म्हणजे आमच्या नव्या वर्षाच्या, आठव्या दिवशी येत होती आणि कुदरतचं नाव यादीत एकोणिसाव्या क्रमांकावर लागलं होतं. ती यादी त्याने मला दोनदा दाखवली.

चमक चढवायला आरसा तेहरानला गेला होता. नवरोजच्या दोन दिवस आधी तो बसने परत आला, कापसात गुंडाळून, मिठाईच्या गोल डब्यात. कुदरत बसस्थानकावरून डबा मांडीवर घेऊन टॅक्सीने आला. हा माणूस एरवी बायकोलासुद्धा बाळंतपणानंतर मोटारसायकलवरून घरी आणणारा.

आता बीबीताजविषयी सांगायला हवं. बीबीताज म्हणजे माहरुखची आई. वय पंच्याऐंशी. शरदात पडल्या, खुबा मोडला, म्हणून लेकीकडे राहायला आल्या. मागची खोली त्यांना दिली. पिंप स्वयंपाकघरात गेलं. बीबीताज पाय हलवू शकत नव्हत्या, पण बाकी सगळं घर त्यांनी पहिल्या आठवड्यातच हलवलं.

मी एकटी राहते, म्हणून वर्ष पालटतं त्या घटकेला माहरुख मला आपल्याकडे बोलावते. त्या वर्षी वसंतसंपात, म्हणजे ती घटका, दुपारी एक वाजून अठ्ठावन्न मिनिटं आणि चाळीस सेकंदांनी होता. मी साडेबाराला गेले तेव्हा माहरुखच्या हातात केरसुणी होती. जमिनीवर नवरोजच्या मांडणीची चादर अंथरलेली. अंकुरलेले गहू, सफरचंदं, लसूण, व्हिनेगरची वाटी, सोनेरी मासा, रंगवलेली अंडी, सगळं जागच्या जागी. मधली आरशाची जागा रिकामी, आणि कोपऱ्यात माहरुखचा लग्नातला आरसा सुपडीत, सात-आठ तुकड्यांत.

दुर्बिणीची नवी नळी खांद्यावर घेऊन कुदरत दारातून वळला होता. पुढचं टोक त्याने जपलं. मागचं टोक आरशाला लागलं.

"आकाशातलं सगळं दिसतं ह्यांना," माहरुख एवढंच म्हणाली. ते आरडाओरड्यापेक्षा वाईट होतं.

बाजार बंद झालेला. शेजाऱ्यांकडे मागावा तर प्रत्येकाचा आरसा त्याच्या त्याच्या मांडणीत. न्हाणीघरातला भिंतीत पक्का केलेला. परवीनने आपल्या पर्समधली पावडरची डबी पुढे केली. बीबीताज गादीवरून म्हणाल्या, "अख्खं नवं वर्ष काय त्या डबीत कोंबणार आहेस, पोरी?"

मग त्या कुदरतकडे वळल्या. "जावईबापू, तुमच्या मिठाईच्या डब्यात मिठाई आहे का?"

"नाही, बीबी."

"मग काय आहे?"

कुदरत खोटं बोलू शकत नाही. हा त्याचा गुण मी त्याच्या बायकोइतकाच जवळून पाहिला आहे आणि तिच्याइतकाच मलाही त्याचा कधीकधी वैताग येतो. तो म्हणाला, "आरसा."

पाच मिनिटांचा प्रश्न आहे, असं त्याने स्वतःला समजावलं असावं. घटका टळली की उचलून ठेवू. त्याने दोनदा हात धुतले, डबा उघडला, कापूस बाजूला केला आणि आरसा चादरीवर मधोमध ठेवला. तो आरसा अंतर्वक्र. लांबून त्यात पाहिलं की माणूस उलटा दिसतो. बीबीताजना उशीला टेकवून बसवलं होतं. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, "ह्या घरात आल्यापासून मला वाटतच होतं, माझं डोकं खाली आणि पाय वर झालेत. आज दिसलं."

तेवढं बोलून त्यांनी एक लाल अंडं उचललं आणि आरशावर ठेवलं.

"बीबी, अंडं नको!"

"अंड्याशिवाय कसा आरसा? बैल शिंग बदलतो ते कळणार कसं?"

आमच्याकडची जुनी माणसं मानतात की पृथ्वी एका बैलाच्या शिंगावर आहे आणि वर्ष पालटताना बैल तिला ह्या शिंगावरून त्या शिंगावर घेतो. तेव्हा आरशावरचं अंडं हलतं. कुदरत आणि बीबीताज ह्यांच्यात हा वाद लग्नापासूनचा. कुदरत म्हणे, मी दरवर्षी बघतो, अंडं हलत नाही. बीबीताज म्हणत, तुम्ही घड्याळ बघता, अंडं कुठे बघता?

त्या दिवशीही तो घड्याळच बघत होता. टीव्हीवर प्रार्थना चालू होती. कुदरतने आधीच बजावून ठेवलं होतं, "टीव्हीवरची तोफ ऐकू नका. ती दोन सेकंद उशिरा येते. खरा क्षण मी सांगतो." आम्ही सगळ्या अंड्याकडे बघत होतो. कुदरतने मांडीवर थाप मारली, "आत्ता!" अंडं डगमगलं, अर्धं वळलं आणि आरशाच्या मध्यावर जाऊन थांबलं. मग टीव्हीवर तोफ उडाली.

"हललं!" बीबीताज ओरडल्या. "आणि तोफेच्या आधी हललं! बैलाला तुमचा टीव्ही लागत नाही, जावईबापू!"

"बीबी, मी मांडीवर थाप मारली म्हणून हललं! आरसा मध्ये दोन मिलिमीटर खोल आहे. जरा धक्का बसला की अंडं मध्येच जाणार."

"दुसऱ्या आरशांवर इतकी वर्षं का नाही हललं असं?"

"कारण ते सपाट होते!"

"बघा," बीबीताज मला म्हणाल्या, "शेवटी स्वतःच कबूल केलं. आरसा चांगला पाहिजे."

संध्याकाळी कुदरत कापूस आणि डबा घेऊन आला. बीबीताजनी हात आडवा केला. "मांडलेलं तेराव्या दिवसापर्यंत उचलत नाहीत."

हे कुदरतला माहीत नव्हतं असं नाही. लहानपणापासून त्याने तेच पाहिलं होतं. फक्त आपला आरसा आरसा आहे हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. त्याने रिकाम्या डब्याचं झाकण परत लावलं. मग म्हणाला, "पण आठव्या दिवशी अमावास्या आहे."

"असेल," बीबीताज म्हणाल्या. "अमावास्या परत येते. वर्ष मोडलं तर परत येत नाही."

दुसरी गोष्ट त्याच्या त्याहूनही उशिरा ध्यानात आली. नवरोजला धाकटी माणसं थोरल्यांच्या घरी भेटायला जातात. दरवर्षी तो बायको-मुलीला घेऊन बीबीताजच्या घरी दोन तास बसून यायचा आणि मोकळा व्हायचा. या वर्षी कुळातल्या सगळ्यात थोरल्या बाई त्याच्याच घरात होत्या. त्याने चंद्राचं गणित काढलं होतं, धुळीचं काढलं होतं, वाऱ्याच्या दिशेचं काढलं होतं. पाहुण्यांचं काढलं नव्हतं.

पाहुणे आलेच, पण नेहमीच्या तिप्पट आले. अंडं हलल्याची बातमी पहिल्या रात्रीतच पिस्तेबाजारात पोहोचली होती. बीबीताज प्रत्येकाला सांगत, "मशिनीने नाही हो, ह्याने स्वतःच्या हाताने घासलाय. चार वर्षं. माझ्या जावयाने." कुदरतच्या सासूच्या तोंडून 'माझा जावई' हे शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. शनी बघायला जे गच्चीच्या दहा पायऱ्या चढले नव्हते ते सगळे आता चादरीशी ओळीने बसून स्वतःला उलटं बघत होते. बायका उलट्या आरशात डोक्यावरचे रुमाल सारखे करायचा प्रयत्न करत आणि हसत. मुलं जीभ काढत. कुदरत एका हातात चहाचा ट्रे आणि दुसरा हात आरशावर आडवा धरून म्हणत असे, "बोट लावू नका, फक्त बोट लावू नका."

"चौकीदार ठेवलाय वाटतं आरशाला," कोणीतरी म्हणालं.

"पगार नाही, फक्त जेवण," माहरुख म्हणाली. तिचा राग दुसऱ्या दिवशीच उतरला होता. तिच्या फुटलेल्या आरशाबद्दल इतक्या बायका हळहळून गेल्या होत्या की आता तिला तो परत नकोही असता.

पाचव्या दिवशी कुदरत माझ्याकडे आला. "बाई, तुम्ही माहरुखला शिकवलंय. बीबी तुमचं ऐकतात. त्यांना सांगा ना. एका रात्रीसाठी. पहाटे परत आणून ठेवतो."

एकतीस वर्षं मी मुलींना शिकवलं की पृथ्वी कुठल्याही शिंगावर नाही. मी त्याला चहा दिला आणि म्हणाले, "आगा कुदरत, तेराव्या दिवसापर्यंत राहू दे ना. कशाला उगाच?" त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसऱ्या कपात साखर टाकून तो त्याच्याकडे सरकवला. पहिला अजून भरलेलाच होता.

सातव्या दिवशी त्याने शेवटचा उपाय केला. शाहरुदच्या गटाचे प्रमुख इंजिनिअर फरहूदी. विज्ञानाचा माणूस, विद्यापीठात शिकलेला. त्यांचा शब्द बीबीताज मोडणार नाहीत. कुदरतने त्यांना फोन लावला, सगळी हकिकत सांगितली आणि बीबीताजना ऐकू यावं म्हणून फोनचा आवाज मोठा करून चादरीवर लसणाशेजारी ठेवला. खोलीत मी होते, माहरुखची दोन चुलत भावंडं होती.

"साहेब, तुम्हीच समजावा."

फोनमधून फरहूदींचा आवाज आला. "सलाम, हाजखानुम! नवं वर्ष मुबारक! पाय कसा आहे आता?"

"देवाची कृपा, बेटा. तू इंजिनिअर का? आई आहे ना तुझी?"

"आहे, तुमच्या आशीर्वादाने."

"तिच्या मांडणीतला आरसा मधेच उचलशील का?"

कुदरत फोनकडे वाकला.

"छे छे, हाजखानुम," फरहूदी म्हणाले, "असं कसं उचलायचं? अपशकुन होईल. आगा कुदरत, तुम्ही पुढच्या वर्षी या हो. यादीत नाव राहील तुमचं. आणि ऐका, अंडं खरंच तोफेच्या आधी हललं का?"

कुदरतने फोन बंद केला. आणलेला ट्रे घेऊन तो स्वयंपाकघरात गेला आणि पिंपाशेजारी उभा राहून त्याने सगळे पेले धुतले, न वापरलेलेसुद्धा.

आठव्या दिवशी आकाश असं स्वच्छ होतं की मला त्याच्याकडे बघवेना. म्हणजे कुदरतकडे. पाहुणे दिवेलागणीला गेले. माहरुख मला थांबवून जेवायला वाढत होती. कुदरत बीबीताजच्या गादीशी बसून भिंतीकडे बघत होता. बीबीताज त्याच्याकडे वळल्या.

"काय दिसणार होतं तुम्हाला तिथे?"

"एकशे दहा वस्तू, बीबी."

"कशा दिसतात?"

कुदरतने विचार केला. मी म्हटलं तसं, त्याला खोटं बोलता येत नाही. "अंधूक. पांढुरके डाग. काही नुसतेच धुरकट."

"मोतीबिंदू झाल्यापासून मला तेच दिसतं दिवसभर," बीबीताज म्हणाल्या. "त्यासाठी वाळवंटात जाता?" मग म्हणाल्या, "नावं आहेत का त्यांना?"

"आकडे आहेत. काहींना नावं पण आहेत."

"सांगा मग. इथून झोपल्या झोपल्या बघते."

त्याने सुरुवात केली. संध्याकाळी सगळ्यात आधी मावळणाऱ्यापासून, शर्यतीत घेतात त्या क्रमाने. कुठला कुठे असतो, काय असतो, प्रकाश निघाला तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं. बीबीताज मधे मधे विचारत, "हा मोठा का?" "एवढा लांब? मग त्यांची खबरबात कोण घेतं?" कृत्तिका आल्या तेव्हा परवीनने दारातून मान घातली. सदतिसाव्या नावाला बीबीताज घोरू लागल्या. कुदरतने आवाज खाली केला, पण थांबला नाही. अर्धवट मोजणी त्याला चालत नाही. मी जेवून, भांडी विसळून, चपला घालून निघाले तेव्हा तो ब्याण्णववर होता.

तेराव्या दिवशी रिवाजाप्रमाणे सगळं गाव उघड्यावर जेवायला गेलं आणि चौदाव्या दिवशी सकाळी बीबीताजनी स्वतः कापूस मागून घेतला आणि आरसा त्याच्या हातात दिला. आरशाच्या मध्यावर अंड्याचा नखाएवढा चरा होता. कुदरतने मला सांगितलं की अशा चऱ्याने प्रकाशाचा हजारावा हिस्साही वाया जात नाही, पुस्तकात तसं स्पष्ट लिहिलं आहे. त्या आठवड्यात त्याने मला हे तीन वेळा सांगितलं.

पुढच्या वर्षी अमावास्या नवरोजच्या आधी आली आणि घराच्या झाडलोटीतून त्याला कोणी सोडलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी ती तेराव्या दिवसानंतर आली. आरसा चादरीवरून उतरला होता, पाहुणे संपले होते. कुदरत तोरूदला गेला. बीबीताजनी वाटेसाठी उकडलेली अंडी बांधून दिली. त्या वसंतात देशभर पाऊस पडत होता, वाळवंटातही पडला. ढग दोनदा फाटले, तेवढ्यात त्याला नऊ वस्तू सापडल्या. गटात कोणालाही अकराहून जास्त सापडल्या नव्हत्या, हे तो लगेच सांगतो.

बीबीताज आता त्र्याण्णव वर्षांच्या आहेत आणि काठी घेऊन अंगणापर्यंत येतात. मीटर मोबाइलवरून वाचायला लागल्यापासून कुदरत कचेरीत टेबलाशी बसतो. स्वयंपाकघरात पिंपावर नवी काच आहे, दहा इंची, आणि सध्या ती तिसऱ्या नंबरच्या भुकटीवर आहे.